शून्य आणि आडवी रेघ

यंत्र दिसले की मी दोन पावले मागे सरतो. घरातला फ्यूज उडाला तर मी मेणबत्ती शोधतो. फ्यूज कुठे असतो हे आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक. असा मी एका यंत्राच्या तंट्यात पंच म्हणून बसलो, ही नवलाचीच गोष्ट.

रत्नागिरीला आमच्या परसात अण्णांचे पर्जन्यमापक आहे. पाच इंच व्यासाचे नरसाळे, खाली बाटली, आणि काठ जमिनीपासून बरोबर तीस सेंटिमीटरवर. १९८४ च्या मृगापासून रोज सकाळी साडेआठला अण्णांनी बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतावे, डोळा पाण्याच्या रेषेत आणावा आणि वहीत आकडा लिहावा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो, याचा त्यांना कोण अभिमान! खात्याने त्यांना कधी काही विचारलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

२०२३ च्या पावसाळ्यात शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. मुका मार लागला, तेवढ्यावर निभावले. पण वय ब्याऐंशी. तेव्हा इंजिनियरिंग शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी ठरवले की, पुढल्या वर्षापासून पावसानेच घरात येऊन आपला आकडा सांगावा.

त्याने आणलेल्या यंत्रात नरसाळ्याखाली दोन चिमुकली पात्रे असतात, मुलांच्या सी-सॉसारखी. एक भरले की कलंडते आणि दुसरे वर येते. ही युक्ती सतराव्या शतकातली. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनने ती प्रथम योजली. चार मिलिलिटर पाणी म्हणजे एक हेलकावा, आणि एक हेलकावा म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. प्रत्येक हेलकाव्यासरशी शेजारच्या डबीतला आकडा एकाने वाढतो. आता हा आकडा माडीवरच्या कॉम्प्युटरपर्यंत आणायचा कसा? यूएसबीची साधी तार पाच मीटरपलीकडे भरवशाची नाही, आणि परस चाळीस मीटर दूर. नेटवर्कची तार मात्र शंभर मीटर जाते. म्हणून डबी घरच्या नेटवर्कला जोडली.

पहिले दोन दिवस दोघे एकमेकांशी बोलेनात. डबी कारखान्यातून १९२.१६८.१.१० असा पत्ता घेऊन आली होती, आणि आमच्या घरातली सारी यंत्रे १९२.१६८.० वाली. त्या एका आकड्याने आळी बदलते, आणि एका आळीतली हाक दुसरीत पोचत नाही. मला हे लगेच पटले. आमच्या भाऊबंदकीत तर एका ओटीवरची हाक दुसऱ्या ओटीवर पोचत नाही! अखेर चिरंजीवांनी कॉम्प्युटरलाच तासभर डबीच्या आळीत बिऱ्हाड करायला लावले, तिच्याशी ओळख काढली आणि तिला बजावले की, यापुढे घरचा राउटर देईल तो पत्ता घेत जा.

घोळ झाला तो इथे. २०२४ च्या आषाढात एका रात्री दिवे गेले. पहाटे आले तेव्हा राउटरने डबीला नवाच पत्ता दिला. कॉम्प्युटर आपला जुन्या दारावर थापा मारतो आहे! उत्तर नाही, म्हणून त्याने दर तासाच्या घरात शून्य मांडले. बाहेर कौले फुटतील असा पाऊस, आणि पडद्यावर शून्य, शून्य, शून्य.

अण्णा एवढे संतापलेले मी क्वचितच पाहिले. "अरे, पाऊस पडला नाही म्हणून लिहितोय हा! मोजला नाही असं लिहायला सांग त्याला."

"पण आजोबा, एकच ना ते?"

"एकच?" अण्णांनी मला कपाटातून २००६ ची वही काढायला लावली. जुलैचे पान उघडून बोट ठेवले. आकड्यांच्या रांगेत एके ठिकाणी आडवी रेघ होती. खालच्या दिवसापुढे बारीक अक्षरात लिहिले होते, 'दोन दिवसांचा एकत्र'.

"त्या दिवशी काय झालं होतं?" चिरंजीवांनी विचारले.

"मोजला नाही," अण्णा म्हणाले.

ती तारीख मी कशी विसरेन? त्या सकाळी साडेआठला आम्ही सारे इस्पितळात आईच्या खाटेभोवती उभे होतो. दुसऱ्या दिवशी घरात माणसे जमलेली असताना अण्णा मोजपात्र घेऊन परसात गेले, तेव्हा मला त्यांचा मनस्वी राग आला होता. किती वर्षे तो राग मी बाळगला होता! ती रेघ मात्र मी कधी पाहिली नव्हती.

चिरंजीव खाली मान घालून कामाला लागले. डबीला राउटरकडून कायमचा एकच पत्ता राखून घेतला. डबीला स्वतःची बॅटरी असल्यामुळे ती रात्रभर मोजतच होती. दिवे गेल्यापासूनचे ६१२ हेलकावे तिने जपून ठेवले होते. म्हणजे १२२.४ मिलिमीटर. तासांच्या घरांतली शून्ये पुसून त्याने तिथे आडव्या रेघा घातल्या आणि खाली लिहिले, 'एकत्र'.

अण्णांनी चष्मा पुसून पडदा दोनदा वाचला. मग मला म्हणाले, "माझी काठी दे आणि हाताला धर. बाटलीत किती आहे ते बघून येऊ."