‘महाराज’ म्हणजे नेमकं कोण?

‘महाराज’ म्हटलं की तुम्हालाही आधी शिवाजी महाराजच आठवत असतील ना? शब्दाचा अर्थ सरळ आहे, थोर राजा. पण गंमत बघा, गुप्त घराण्यातले श्रीगुप्त आणि घटोत्कच नुसते ‘महाराज’ होते. इ. स. ३२०च्या सुमारास चंद्रगुप्त पहिला ‘महाराजाधिराज’ झाला आणि पुढे ‘महाराज’ हा मांडलिकांचा किताब होऊन बसला! १९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीने तर संस्थानिकांची मान्यताच गेली. हाक मात्र टिकली. कीर्तनकार महाराज. गुजरातेत घरी स्वयंपाक करणारे ब्राह्मणही महाराज. अहमदाबादला माझ्या मेसमध्ये दिवसभर ‘महाराज, रोटली!’ चालू असतं. त्यांचं नाव विचारलं, तर कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्याकडच्या महाराजांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे?