संत्र्याची बाग, सागाची झाडं

‘सिक्युरिटी’ हा शब्द मराठीत आणताना मोठी अडचण अशी, की तो आधीच येऊन बसला आहे. सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला माणूस म्हणजे सिक्युरिटी. बँकेत कर्ज काढायला गेलं की तीच सिक्युरिटी तारण होते. शेअर बाजारासाठी कोशातला शब्द आहे ‘प्रतिभूती’. संस्कृतात प्रतिभू म्हणजे जामीन राहणारा. इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ बघावं तर तिथे निश्चिंती. कुठूनही गेलं तरी वाचणाऱ्याला वाटणार, इथे पैसे बुडायचे नाहीत.

अमेरिकी कायद्यातल्या नेहमीच्या संज्ञा सोप्या करून सांगणारी एक पुस्तिका सध्या माझ्याकडे अनुवादाला आहे. ‘फिड्युशिअरी’ला विश्वस्त म्हटलं की आपल्याला देवस्थानाचे विश्वस्त आठवतात, पण ते चालून जातं. सिक्युरिटीपाशी मात्र आठवडा गेला. शेवटी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयात बसून मूळ निकालच वाचून काढला.

अमेरिकेच्या १९३३ च्या कायद्यात सिक्युरिटीची व्याख्या म्हणजे वाण्याची यादी आहे. शेअर, बाँड, असं करत करत मध्येच येतो ‘गुंतवणुकीचा करार’. तो कशाला म्हणायचं, हे कायदा सांगत नाही. ते ठरलं १९४६ साली, संत्र्यांवरून. फ्लोरिडातली हावी नावाची कंपनी आपल्या बागेच्या पट्ट्या विकत असे. रीतसर खरेदीखत व्हायचं. सोबत जोडकंपनीशी मशागतीचा करार, सहसा दहा वर्षांचा. घेणारे बहुतेक परराज्यातले, शेतीतलं ओ का ठो न कळणारे. कंपनीचं म्हणणं, आम्ही जमीन विकतो. न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की सामाईक उद्योगात पैसे घालून दुसऱ्याच्या कष्टांतून नफ्याची वाट बघायची, तर ती सिक्युरिटीच. मग कागदावर जमीन असो नाहीतर झाडं. आणि ती आयोगाकडे नोंदवल्याशिवाय, त्यातली खरी माहिती उघड केल्याशिवाय लोकांना विकता येत नाही. बाग चांगली की वाईट, यावर निकाल अडला नाही.

म्हणजे या शब्दात सुरक्षितता घेणाऱ्याच्या पैशाची नाहीच. विकणाऱ्यावर खरं बोलण्याचं बंधन आहे, एवढंच.

हे वाचताना सांगलीचे काका आठवत होते. नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजनांची लाट आली, तेव्हा त्यांनी एका कंपनीची काही झाडं घेतली. झाडांचं चित्र असलेलं प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. झाडं त्यांनी कधी पाहिली नाहीत, पैसेही परत आले नाहीत. आपल्याकडे सेबीचे सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आले १९९९ मध्ये. त्याच वर्षी सेबी कायद्यात कलम ११एए घातलं गेलं. त्यातल्या अटी वाचल्या तर हावीची सख्खी भावंडं वाटतात: पैसे एकत्र करणं, नफ्याची अपेक्षा, आणि रोजच्या कारभारावर गुंतवणूकदाराचा ताबा नसणं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पीजीएफ कंपनीच्या प्रकरणात ते कलम वैध ठरवलं. तिथेही प्रश्न शेतजमीन विकून ती विकसित करून देण्याचाच होता.

त्याच रस्त्यावर इंडिया गेटकडे गेलं की नवं महाराष्ट्र सदन लागतं. तिथल्या जेवणघरात कामासाठी दिल्लीला आलेली आपली माणसं असतात. अवघड ओळी मी त्यांना वाचून दाखवते. ‘प्रतिभूती’ ऐकून एका गृहस्थांनी विचारलं, “ही कुठली देवी?” त्या दिवशी तो शब्द मी काढला आणि ‘रोखा’ ठेवला. जुन्या मराठीत रोखा म्हणजे चिठ्ठी, देणं कबूल केल्याचा कागद. कागद खोटाही असू शकतो, हे त्या शब्दाला माहीत आहे. नोंदीच्या पहिल्याच वाक्यात मी लिहिलंय, की रोखा म्हणजे सुरक्षित ठेव नव्हे. संपादकांना ते मूळ मजकुराच्या बाहेरचं वाटतं. वाटू दे, वाक्य राहील.

काकांना फोनवर नोंद वाचून दाखवली. “रोखा कसला? मी झाडं घेतली होती,” ते म्हणाले. “काका, त्या संत्रीवाल्यांनाही असंच वाटत होतं.”

थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, “मग त्यांचे पैसे मिळाले का गं?”

तो खटला पैसे परत मिळवण्याचा नव्हता. आयोगाने फक्त विक्री थांबवायला मनाईहुकूम मागितला होता.