डुक्कर आणि किल्ला

कन्फ्यूशियसच्या परंपरेने माणसाच्या अंगी पाच गुण असावेत असे सांगितले आहे : माणुसकी, न्यायबुद्धी, रीतभात, शहाणपण आणि 'शिन्'. पहिले चार माझ्यापाशी आहेतच असे मी धरून चालतो. (हिचे मत निराळे आहे.) पाचव्यापाशी मात्र अडखळलो. 'शिन्'चे चिनी अक्षर दोन चिन्हांचे; डावीकडे माणूस, उजवीकडे शब्द. आपल्या शब्दाला चिकटून उभा राहिलेला माणूस!

कन्फ्यूशियसचा शिष्य त्संग-त्झू याची एक गोष्ट हान फै-त्झूच्या ग्रंथात आहे. गंमत म्हणजे हा ग्रंथकार त्या पंथाचा कडवा टीकाकार! त्संग-त्झूची बायको बाजाराला निघाली, तशी पोराने रडून आकांत मांडला. परत आल्यावर तुझ्यासाठी डुक्कर कापू, असे सांगून तिने त्याला माघारी धाडले. येऊन पाहते तो नवरा खरोखरच डुक्कर कापायला निघालेला. मी आपली पोराची समजूत काढली, असे ती परोपरीने सांगू लागली. त्याचे म्हणणे एवढेच, की मूल आईबापांकडे पाहूनच शिकते. आज त्याला फसवले, तर फसवणेच शिकवले. डुक्कर शिजले. (ऐन दिवाळीत डुक्कर आणल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.)

ही गोष्ट मी रात्री जेवताना मोठ्या रंगात सांगितली. नातू लगेच म्हणाला, "अण्णा, मग आपला किल्ला कधी?"

"उद्या."

"अण्णांच्या 'उद्या'वर जाऊ नकोस रे," मुलगा पानावरून मान वर न करता म्हणाला, "मी चार दिवाळ्या वाट पाहिलीय."

सगळे हसले. मीही हसलो. घास मात्र उतरेना. त्या दिवाळ्यांतला बोनस मला आठवत होता, चकल्या बिघडलेल्याही आठवत होत्या. किल्ला काही केल्या आठवेना.

सकाळी नातवाला घेऊन दोन पोती माती आणली. विटा रचल्या, गोणपाट टाकले, उतारावर अळीव पेरले. कंबरेने दुपारीच संप पुकारला. संध्याकाळी मुलगा कचेरीतून आला आणि चपला काढता काढता थबकला. बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग बाह्या सारून खाली बसला.

"अण्णा, बुरूज असा नसतो," असे म्हणत त्याने माझा बुरूज पाडला, आणि माझ्याकडे न पाहताच हात पुढे केला. मी त्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवला.