वेतोबाच्या वहाणा

मी शाळामास्तर, आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. गेल्या वर्षी कुमारांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहायला घेतली. उडते घोडे झाले, आग ओकणारा अजगर झाला. पण ही सारी मंडळी परक्या घरच्या पाहुण्यांसारखी अवघडून बसली होती. नाहूरच्या माझ्या दोन खोल्यांत त्यांना पाय पसरायला जागाच नव्हती म्हणा ना!

अशातच सातवीचे निबंध तपासायला आले. विषय होता ‘रात्रीची वेळ’. एका मुलाने लिहिले होते, की आरवलीचा वेतोबा तुतारी एक्सप्रेसने येऊन ठाण्याला उतरतो, तिथून धीमी लोकल धरतो आणि नाहूरला रात्रभर हिंडतो. मी तांबड्या शाईने शेरा मारला, ‘विषयांतर. खरे तेच लिहावे.’

पुढच्या निबंधात त्याने मोजून सहा ओळी लिहिल्या. सगळ्या खऱ्या, पण एकीतही तो नव्हता.

मला चैन पडेना. मधल्या सुट्टीत त्याला विचारले, “अरे, वेतोबा इथे कशाला येईल?”

“बाबांची रात्रपाळी असते ना, सर. इमारतीवर पहारा करतात. त्यांना सोबत नको?”

आरवली हे सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले तालुक्यातले गाव. वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी तिथली श्रद्धा. म्हणून भाविक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा त्याला वाहतात. वेतोबा म्हणजे वेताळच. आम्हांला तो भेटला ‘चांदोबा’त. १९५२ साली मराठीत निघालेल्या त्या मासिकात तो विक्रमाच्या खांद्यावरून कोडी घाली, अन् राजा बोलला की झाडावर परत जाई. आमची ती करमणूक होती. या पोराचा वेताळ मात्र त्याच्या बापासाठी जागत होता.

मी त्याची वही मागून घेतली, शेरा खोडला आणि खाली लिहिले, ‘पुढे काय झाले?’

त्याने चार पाने आणली. बाबांची झिजलेली चप्पल पाहून वेतोबाने आपल्या वहाणा देऊ केल्या. त्या इतक्या मोठ्या, की एकीतच बाबा डबा उघडून जेवायला बसले!

अजगराला मी निरोप दिला आहे. कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून चालू आहे. आणि वाचकहो, यंदा फराळाचे एक ताट खाली पहारेकऱ्यालाही द्या. त्याच्याही घरी कुणीतरी जागे असते.