चार तारखा

९ जून २०२५, सोमवार
दुपारी शेजारच्या ओंकारला गल्लीतल्या तांबड्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. दोन दात खोल, रक्त वाहत होतं. त्याची आजी, आक्का, चुना नि मिरचीपूड घेऊन निघाल्याच होत्या. मी पोराला मोरीत नेलं, नळाखाली पाय धरला आणि साबणानं धूत राहिले. पंधरा मिनिटं म्हणजे किती वेळ, हे रडणारं पोर धरून बसल्यावर कळतं. पण रेबीजच्या विषाणूवरचं स्निग्ध आवरण साबणानंच फुटतं; चुन्या-मिरचीनं नुसती जखम पोळते. वर बीटाडिन लावलं, पट्टी बांधली नाही.

ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढला. रक्त आलंय म्हणजे तिसऱ्या वर्गाचा चावा, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही दंडांवर कातडीच्या आतच ०.१ मिली लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि सीरम. घोड्याचं सीरम किलोमागे ४० युनिट, म्हणून आधी वजन केलं. ते जखमेतच आणि जखमेभोवती टोचतात. तेव्हा मात्र पोरगं ओरडलं. टाके मुद्दाम घातले नाहीत. सिस्टरनं कार्डावर पुढच्या तारखा लिहून दिल्या: १२ जून, १६ जून, ७ जुलै.

१० जून, वटपौर्णिमा
वडापाशी सगळ्यांचा एकच प्रश्न, "पोटात चौदा इंजेक्शनं का?" ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून. ती बंद होऊनही वीस वर्षं झाली, पण तिची धास्ती अजून जात नाही. त्या धास्तीपायी कोण भगताकडे जातं, कोण अंगाऱ्यावर भागवतं. आता लस दंडात किंवा लहान बाळाच्या मांडीत देतात. कमरेखाली मागच्या बाजूला देत नाहीत, तिथं ती नीट लागू पडत नाही.

कुत्रं कालपासून दिसलेलं नाही. दिसलं असतं तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवली असती. पण त्यासाठी उपचार थांबवायचे नसतातच.

१२ जून
दुसरा डोस. ओंकारच्या बापानं विचारलं, "बाई, लस दिली होती, मग सीरम कशाला?" त्याला सांगितलं, लशीमुळे अंगात प्रतिद्रव्यं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतल्या विषाणूला तिथंच गाठायला तयार प्रतिद्रव्यं लागतात, ती सीरममध्ये असतात. विषाणू नसेतून मेंदूकडे जातो. पोटरीपासून वाट लांबची, चेहऱ्यापासून जवळची. म्हणून तोंडावरचा चावा जास्त घातक.

रांगेत एक गृहस्थ होते, चावून बरेच दिवस झालेले. मांजराच्या नखाएवढं तर लागलंय, म्हणून घरीच बसले होते. डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं नाही, आजपासून सुरू केलं. उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं.

१६ जून
शाळेचा पहिला दिवस आणि तिसरा डोस एकाच दिवशी. आधी दवाखाना, मग शाळा. जखमेवर खपली धरलीय. ओंकार ती मित्रांना फुकट दाखवत नाही, एक चिंच घेतो.

२९ जून
खपली पडली. बाप म्हणतो, "आता काय राहिलंय?" सगळ्यात अवघड डोस हा शेवटचाच. पहिल्या दिवशी रक्त दिसतं म्हणून सगळं घर धावतं. आता दुखत नाही, खुपत नाही, आणि पेरणी तोंडावर आलीय. पण लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी वर्षानंतरही. आणि पाण्याची भीती एकदा दिसली की औषध नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी
बाप पंढरीला गेला. ओंकारलाही नेणार होता, मंगळवारी परतायचा बेत होता. मी कार्ड दाखवलं. आक्कांनी निकाल दिला, "पोर इथंच राहील. विठोबा कुठं पळत नाही." ओंकार रुसला. त्याला सांगितलं, १८८५ साली याच तारखेला पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पाश्चरांची रेबीजवरची लस टोचली गेली. त्याला १३ वेळा टोचलं, तुझा तर उद्या चौथाच. "मग तो जगला?" जगला म्हटल्यावर साबुदाणा खाल्ला.

७ जुलै
चौथा डोस झाला. सिस्टर म्हणाल्या, कार्ड जपून ठेवा. पुन्हा कधी चावलं तर हे दाखवायचं; मग पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी असे दोनच डोस, सीरम लागत नाही. कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत गेलं. आक्का पुटपुटल्या, "एवढं वाचत असलं तरी पुन्हा चावून घ्यायला कोण जातंय!"