अर्धविरामाची जागा

मुद्रितशोधनात माझा जीव सर्वांत जास्त अडकतो तो अर्धविरामात. हल्लीच्या बहुतेक हस्तलिखितांत तो नसतोच. लेखक स्वल्पविरामावर भागवतो, नाहीतर थेट पूर्णविराम देऊन मोकळा होतो.

लालबागच्या एखाद्या गिरणी कामगाराच्या कथेतलं वाक्य घ्या : 'भोंगा झाला; तो उठला नाही.' स्वल्पविराम दिला तर वाक्य घसरतं. पूर्णविरामाने दोन सुट्या नोंदी होतात, हजेरीपटावरच्यासारख्या. 'पण' घातला तर लेखकाने निकालच दिला, की त्याने उठायला हवं होतं. अर्धविराम दोन्ही घटना शेजारी ठेवतो आणि मधला धागा वाचकाच्या हाती देतो. माणूस आजारी आहे, संपावर आहे, की त्याची नोकरीच गेली, ते वाचकाने शोधायचं. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं. 'झाला' वाचलं की मन आपसूक थांबतं. थांबलेल्या मनाला पुढे बांधून ठेवायचं काम तेवढं या चिन्हाकडे उरतं. म्हणून 'इथे श्वास घ्या' हा शाळेतला नियम मला अपुरा वाटतो. मी पाहतो ते एवढंच : 'पण', 'म्हणून', 'कारण' यांतलं एखादं अव्यय लेखकाने जाणूनबुजून गिळलंय का?

मोडीच्या सलग ओळींत या चिन्हांना जागाच नव्हती. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली, तेव्हापासून ही चिन्हं मराठी छपाईत रुळत गेली. अपूर्णविरामाला (:) मात्र देवनागरीत एक अडचण कायम राहिली. अक्षराला चिकटला की तो विसर्ग वाटतो, म्हणून त्याच्याआधी जागा सोडावी लागते. अर्धविरामाला ही भीती नाही.

गिरगावात, खटाववाडीतल्या मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'सत्यकथे'चं संपादन करत. लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथेवर पुन्हा काम करायला लावणारं ते मासिक १९८२ साली बंद झालं. त्याचे जुने अंक मी आजही चिन्हांसाठी वाचतो.

संवादात मात्र मी अर्धविराम सहसा ठेवत नाही. चाळीच्या गॅलरीत भांडणारी बाई अर्धविरामात बोलत नाही. निवेदनात शंका आली, तर समासात पेन्सिलीने विचारतो : 'इथे काय गाळलंत?' लेखक म्हणाला, काहीच नाही, तर तिथे पूर्णविरामच बरा.