पाण्यावर चालणारा ट्रक

परवा सकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, सांग्याचा. ‘काय रे, त्या वेळी मला शहाणपण शिकवत होतास ना? आता सरकारच पाण्यावर ट्रक चालवणार आहे. पेपरात आलंय बघ!’

बातमी हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांची होती. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा ३७ बस आणि ट्रकांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले, त्याविषयी काहीतरी त्याच्या वाचनात आले होते. मी हसलो, पण फोन ठेवल्यावर बारा वर्षांपूर्वीचे ते दिवस आठवले आणि हसू मावळले.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. दादाचे दोन ट्रक खनिज वाहायचे, दोन्हींवर बँकेचे कर्ज. एक दारात उभा राहिला, दुसरा कसाबसा चिरे वाहू लागला. डिझेल घालून, ड्रायव्हरचा पगार देऊन हाती काय उरणार? अशात २०१३ च्या पावसाळ्यानंतर एक गोड बोलणारा माणूस त्याच्याकडे आला. इंजिनाला जोडायची एक बरणी, तीत पोलादी पट्ट्या, पाणी आणि चिमूटभर सोडा. बॅटरीच्या तारा जोडल्या की बुडबुडे येत. ते साबणाच्या फेसात धरून काडी लावली की फट् असा आवाज होई. बघणारे टाळ्या वाजवत. हा वायू इंजिनात सोडला की डिझेल निम्मे लागेल, असे तो सांगे. बरणीची किंमत १८,००० रुपये. शिवाय तालुक्याची एजन्सी हवी असेल तर तीन लाख अनामत.

दादाने बरणी घेतली. एजन्सीसाठी मुलीच्या नावावरची ठेव मोडायचे ठरवले, आणि मग वहिनीने मला फोन केला. ‘भावजी, तुम्ही एकदा येऊन बघा हो.’

मी गेलो. पाणी हे इंधन नाही, ती हायड्रोजन जळून उरलेली राख आहे, असे मी त्याला सांगितले. चुलीतली राख पुन्हा पेटते का? तिचे परत लाकूड करायचे तर तेवढीच आच बाहेरून आणावी लागेल. पाणी विजेने फोडता येते, हे तर इंग्लंडात १८०० सालीच करून दाखवले गेले होते. पण फोडायला जेवढी शक्ती घालाल, तेवढीसुद्धा ते वायू जाळून पूर्ण परत मिळत नाही. तुझ्या बरणीला वीज देते बॅटरी, बॅटरी भरतो अल्टरनेटर, त्याला फिरवते इंजिन आणि इंजिन पिते डिझेल. मी आकडेही मांडले. बारा व्होल्ट, वीस अँपिअर, म्हणजे २४० वॉट. ट्रकचे इंजिन १३० अश्वशक्तीचे धरले तर ९७ किलोवॉटचे. बरणीत जाते ते त्याच्या चारशेव्या हिश्शाएवढे, आणि तेही त्याच्याच खिशातून!

दादा ऐकून घेत होता, पण त्याला पटले नाही. ‘अरे, मी डोळ्यांनी बघितलंय. पेटतं ते.’

पटवले ते शेवटी कुडचड्याच्या गॅरेजातल्या मेस्ताने. तो कार्बाइडच्या गॅसवर वेल्डिंग करणारा जुना माणूस. म्हणाला, ‘दादा, माझ्या टाकीतही मी पाणीच ओततो आणि ज्योत लागते. पण कार्बाइड संपला की कितीही पाणी ओता, खाली नुसता चुना राहतो.’ खरेच होते. कार्बाइडमधली आग आधी चुना आणि कोक विजेच्या भट्टीत भाजताना घातलेली असते, पाणी तिला फक्त बाहेर काढते.

मग मेस्तानेच परीक्षा सुचवली. टाकी काठोकाठ भरायची, तोच रस्ता, तेवढेच चिरे. पहिले तीन दिवस बरणी चालू ठेवली, डिझेल थोडे कमी लागले. दादा खूश! पुढचे सहा दिवस बटण मेस्ताच्या हाती. बरणी कधी चालू, कधी बंद, ड्रायव्हरला पत्ता नाही. फरक शून्य. पहिल्या तीन दिवसांत डिझेल वाचवले होते ते ड्रायव्हरच्या पायाने. मालकाचे लक्ष आहे म्हटल्यावर तो जपून चालवत होता.

ठेव वाचली. फसणारा दादा काही एकटा नव्हता. अमेरिकेत स्टॅन्ली मेयर नावाच्या गृहस्थाने पाण्यावर मोटार चालवल्याचा दावा केला होता, १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने ती फसवणूक ठरवली. त्याच वर्षी तामिळनाडूच्या रामर पिळ्ळै यांचे ‘वनौषधी पेट्रोल’ देशभर गाजले, २०१६ मध्ये त्यांना शिक्षा झाली.

मग आजचे हायड्रोजनचे ट्रक? तिथेही पाणी हा कच्चा माल आहे, इंधन नाही. एक किलो हायड्रोजनला सुमारे नऊ लिटर पाणी फोडावे लागते, ते जवळपास फुकटच. पण वीज लागते पन्नास-पंचावन्न युनिट. युनिटला सहा रुपये धरले तरी नुसती वीज तीनशेच्या वर गेली, आणि त्या किलोतून उष्णता मिळते ती सुमारे तेहतीस युनिटांएवढी. ती वीज सूर्याची वा वाऱ्याची असली तर धूर होत नाही आणि अवजड गाड्यांना लांब पल्ल्यासाठी टाकी लवकर भरता येते, म्हणून हा खटाटोप. स्वस्त मात्र तो अजून नाही. पाण्याची शक्ती हवीच असेल तर ती कोयनेसारख्या ठिकाणी मिळते, कारण तिथे सूर्याने वर नेलेले पाणी उंचावरून खाली पडते. त्या विजेवर स्कूटर भरली तर ती पाण्यावर चालते, असे खुशाल म्हणावे.

हे सगळे मी दादाला फोनवर सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘तेव्हाही तू बरोबरच होतास रे. पण बरणी चालत नाही एवढंच तू सांगितलंस. हप्ता कसा फेडायचा, ते तुझ्यापाशीही नव्हतं. त्याच्यापाशी निदान एक बरणी तरी होती.’

काय बोलणार? दोन्ही ट्रक त्याने पुढे पडत्या भावाने विकले. मी विषय बदलला, मुलीची चौकशी केली. त्या ठेवीवर तिचे शिक्षण झाले. आता ती पर्वरीला नोकरी करते आणि विजेच्या स्कूटरवरून कामाला जाते, असे दादाने सांगितले.